निर्वासितांचा स्वीकार आणि सामीलीकरण : वळिवडे, कल्याण कॅम्प व खानदेशातील सिंधी वसाहती

प्रस्तावना :
2015 साली एकट्या जर्मनीत सुमारे 8 लाख 90 हजार आश्रयार्थी दाखल झाले. त्यांची वाटणी राज्यांचा करमहसूल आणि लोकसंख्या यांच्या प्रमाणात ठरविण्यात आली, भाषेचे वर्ग भरविण्यात आले. परंतु आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहण्याचा हक्क अनिश्चित आणि काम करण्यावर बंधने, अशी अवस्था अनेकांच्या वाट्याला आली. निर्वासिताला छत देणे आणि त्याला समाजात सामावून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे यावरून ध्यानात येते. हा भेद समजून घेण्यासाठी युरोपकडे पाहण्याची मात्र गरज नाही. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर 1940 च्या दशकात दोन मोठ्या निर्वासित छावण्या उभ्या राहिल्या. प्रस्तुत लेखात त्या दोहोंची तुलना करून खानदेशातील अनुभवाचा विचार करावयाचा आहे.

वळिवड्याची छावणी :
कोल्हापूरनजीक वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता. सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये त्यांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. 1941 च्या करारानंतर सुटका होऊन ते इराणमार्गे भारतात आले. छावणीत त्यांच्या भाषेतील शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती, नाटके होत असत. कोल्हापूरकरांनी त्यांना आपुलकीने वागविले, हे त्या लोकांनी पुढे आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितले. स्वीकार म्हणून हा नमुना उत्तमच म्हटला पाहिजे. परंतु ही माणसे येथे कायमची राहतील असे कोणीही, स्वतः त्यांनीही, गृहीत धरलेले नव्हते. त्यांचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत असे. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढे काही मायदेशी परतले, काही इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे गेले. अपवादाने काहींनी येथे विवाह केले, तेवढीच माणसे येथे राहिली.

कल्याण कॅम्प :
सिंधी निर्वासितांचे चित्र याच्या नेमके उलट होते. 1 एप्रिल 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे कराचीहून आगबोटीने मुंबईस येणे हा त्यांच्या ओळखीचा मार्ग होता. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर हा ओघ प्रचंड वाढला. मुंबई सरकारने 1948 मध्ये कायदा करून निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली आणि फार मोठ्या संख्येने कुटुंबांना कल्याणजवळच्या, महायुद्धात उभारलेल्या लष्करी बराकींत पाठविले. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये पडदा म्हणून गोणपाट, पाण्यासाठी रांगा अशी स्थिती होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे उल्हासनगरची कोनशिला बसविली. 1951 च्या जनगणनेत तेथे ऐंशी हजारांहून अधिक लोकसंख्या नोंदली गेली.

निवाऱ्याच्या दृष्टीने वळिवडे निःसंशय सरस होते. तरीही कल्याण कॅम्प टिकला व वाढला. याचे कारण कायद्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संविधानाच्या कलम 6 ने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाची वाट दिली : 19 जुलै 1948 पूर्वी येऊन येथेच राहिलेल्यांना थेट, नंतर आलेल्यांना नोंदणीने. 1954 च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी भरपाईची सोय झाली. राहत्या बराकीची किंमत दाव्यातून वळती करून घेता येऊ लागली. आणि व्यापार करण्यास तर पहिल्या दिवसापासून कोणाची परवानगी लागत नव्हती. लोकल गाडीत गोळ्या-बिस्किटे विकणारा पुरुष आणि घरी पापड लाटणारी स्त्री यांच्या श्रमांतून उल्हासनगरची बाजारपेठ उभी राहिली. त्या मालावरील 'मेड इन यू.एस.ए.' हा शिक्का म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मराठी माणसाने पुष्कळ ऐकला आहे. त्या विनोदात कौतुकापेक्षा हेटाळणीच अधिक होती, हेही नमूद करावयास हवे. 'शरणार्थी' या शब्दाऐवजी 'पुरुषार्थी' हा शब्द या समाजाने का पसंत केला, ते यातून उमगते.

खानदेशातील वसाहती :
धुळ्यातील कुमारनगर आणि जळगावातील सिंधी कॉलनी व कंवरनगर ही वस्त्यांची नावे याच स्थलांतराची खूण आहेत. कंवरनगर हे नाव 1939 मध्ये सिंधमध्ये हत्या झालेल्या संत कंवरराम यांचे स्मरण ठेवते. येथे उल्हासनगरसारखे स्वतंत्र शहर वसले नाही. कापसाच्या आणि धान्याच्या जुन्या बाजारपेठेत, आधीच रुजलेल्या व्यापारी समाजांच्या शेजारी, सिंधी दुकानदाराला जागा करून घ्यावी लागली. खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्याला मराठीच नव्हे तर अहिराणीही शिकावी लागली. युरोपात वर्ग भरवून जे साधण्याचा प्रयत्न होतो, ते येथे गल्ल्यावर साधले.

या सामीलीकरणाची किंमत मात्र घरातील भाषेने मोजली. पंजाब व बंगाल यांची फाळणी झाली, तेव्हा त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधीला स्वतःचे राज्य नाही. 1967 मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली, पण अरबी लिपी की देवनागरी, हा वाद शाळांतून चालूच राहिला. वादाचा निर्णय होण्यापूर्वीच पालकांनी मुलांना इंग्रजी वा मराठी शाळांत घातले. आजोबांच्या दाव्याचे सिंधी कागद वाचता येणारे नातवंड आज विरळाच.

पाकिस्तानातून सिंधी कुटुंबांचे येणे 1948 नंतरही थांबलेले नाही. नंतर आलेल्यांना कलम 6 चा आधार नव्हता. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, मुदतवाढीचे अर्ज करीत त्यांना वर्षानुवर्षे राहावे लागले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या बिगरमुस्लिम अर्जदारांसाठी वास्तव्याची अट शिथिल केली. त्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी अधिसूचित झाले. त्या तारखेनंतर सीमा ओलांडलेल्यांना ही सवलत लागू नाही.