ज्याच्या त्याच्या टेबलावरचा खेळ

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे शौकीन. त्यांनी केलेला बदल ऐकायला किरकोळ वाटतो : खेळाडूच्या हाती अख्खे सैन्य देण्याऐवजी त्यांनी एकच पात्र दिले. एक जण ‘डन्जन मास्टर’ होतो. राक्षस, गावकरी, हवामान, सगळे त्याच्या ताब्यात. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. शेवट आधी ठरलेला नसतो आणि एकमेकांना हरवायचेही नसते. या घराण्यातल्या खेळांना ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ म्हणतात. त्यांच्याविषयी बोलताना माणसे फार लवकर हमरीतुमरीवर येतात आणि त्याचे कारण, माझ्या मते, खेळाच्या घडणीतच आहे. दुकानात मिळते ते फक्त नियमांचे पुस्तक. खेळ तयार होतो तो चार-पाच जण एकत्र बसल्यावर, आणि तेच पुस्तक घेऊन शेजारच्या घरात बसलेल्यांचा खेळ निराळाच होतो. ‘हा खेळ भिकार आहे’ असे म्हणणारा पुस्तकाबद्दल बोलतो आहे की आपल्या डन्जन मास्टरबद्दल, हे बहुतेक वेळा त्यालाही सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटते, मित्रांबरोबर घालवलेल्या माझ्या संध्याकाळींनाच हा नावे ठेवतो आहे.

आवडीतला हा फरक फार लवकर लक्षात आला होता. 1980 साली ग्लेन ब्लॅकॉ यांनी ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या मासिकात लिहिलेल्या लेखात खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या. कुणाला डावपेचांत रस असतो, कुणाला आपले पात्र अधिकाधिक बलवान करत नेण्यात, कुणाला पात्राच्या अंगात शिरून बोलण्या-वागण्यात, तर कुणाला घडत जाणाऱ्या गोष्टीत. संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहात पदासाठी आलेला रसिक ‘वन्स मोअर’ देई आणि कथेत गुंतलेला शेजारी चुळबुळत बसे. इथेही एकाच टेबलाभोवती असे दोघे बसलेले असतात. पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ आला. त्यात सामान्य माणसे भयंकर गूढाचा माग काढतात आणि जे दिसते त्याने त्यांचे मानसिक संतुलन हळूहळू ढासळत जाते. त्यासाठी नियमांत वेगळा आकडाच आहे. पात्र बलवान करायला बसलेल्या माणसाला ही सरळ फसवणूक वाटेल आणि भयकथेच्या चाहत्याला पर्वणी.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र 2008 चे आहे. त्या साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची चौथी आवृत्ती निघाली. तिच्यात प्रत्येक पात्राला ठरावीक शक्ती मिळाल्या : काही केव्हाही वापरता येणाऱ्या, काही एका लढाईत एकदाच, काही दिवसातून एकदाच. लढाई चौकोनांच्या पटावर मांडून खेळणे जवळजवळ गृहीत धरले होते. जुन्या खेळाडूंतून ओरड झाली की हा तर कॉम्प्युटर गेम झाला. पुष्कळ जण 2009 मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’कडे वळले, तो खेळ आधीच्या आवृत्तीचेच नियम थोडे सुधारून पुढे नेत होता. चौथ्या आवृत्तीच्या चाहत्यांचे म्हणणेही बिनबुडाचे नव्हते. पूर्वी वरच्या पातळ्यांवर जादूगारच सगळे उरकायचा आणि तलवारवाला नुसता बघत राहायचा. आता लढाईत प्रत्येकाला काम होते. दोन्ही बाजूंची वर्णने काढून शेजारी ठेवली, तर ती जवळजवळ सारखीच निघतात. मतभेद होता तो एवढाच, की या खेळाकडून काय हवे. तेवढेच कुणी म्हटले नाही. एकीकडून ‘यांना खरा खेळ कळत नाही’ आणि दुसरीकडून ‘हे जुनाट’ अशी चिखलफेक काही वर्षे चालली. खेळ काढणाऱ्या कंपनीने पुढची आवृत्ती आणण्याआधी 2012 पासून मसुदे लोकांना खेळायला दिले, त्यांची मते मागवली आणि 2014 मध्ये पाचवी आवृत्ती आणली.

यावर एक रास्त आक्षेप येतो : सगळे आवडीवरच सोडले, तर टीका करायचीच नाही का? मला तसे वाटत नाही. नियमांचे परिणाम होतात आणि ते तपासता येतात. रॉन एडवर्ड्स या अमेरिकी खेळकर्त्याने 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाच मुद्दा लावून धरला, की चांगला गट कुठल्याही नियमांनी चांगलेच खेळतो ही समजूत चुकीची आहे. 1991 च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’सारखे खेळ नाट्यमय, अंतर्मुख कथेचे वचन देतात आणि नियमांची पाने मात्र मारामारी व अलौकिक शक्तींवर खर्च करतात, ही टीका तो खेळ आवडणाऱ्यालाही पुस्तक उघडून पडताळता येते. तेच एडवर्ड्स 2006 मध्ये म्हणाले, की असल्या खेळांनी खेळणाऱ्यांच्या मेंदूलाच इजा केली आहे. झाले. नियमांवरची चर्चा संपली आणि माणसांवरची सुरू झाली. त्यांचा मूळ मुद्दा आजही मला पटतो, पण त्या एका वाक्याने त्यांनी तो ऐकून घेणारे निम्मे लोक गमावले असावेत.

सौम्य बोलण्याने टीकेची धार जाते, असेही काहींना वाटते. पण नेमके बोलणे हे सौम्य बोलण्यापेक्षा वेगळे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1978 च्या नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषपात्रापेक्षा कमी ठेवली होती. ड्रॅगन उडतात त्या जगात एवढाच वास्तववाद कशाला, असे कुणी विचारले तर ते झोंबते, आणि झोंबायलाच हवे. पण त्यात खेळणाऱ्या कुणाचाही अपमान नाही. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. त्याच आवृत्तीत सैतान आणि राक्षसांची नेहमीची नावेही बदलली गेली. कारण 1980 च्या दशकात अमेरिकेत हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे आणि आत्महत्येकडे नेतो, असा मोठा गदारोळ उठला होता. कधीही न खेळलेल्यांचे असले आरोप वर्षानुवर्षे ऐकलेला खेळाडूंचा हा समाज टीकेच्या बाबतीत हळवा झाला असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

संमिश्र भावना कशी असते, हे आपल्याकडच्या वाचकाला याच खेळाच्या 1980 च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात लगेच जाणवेल. त्यात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर इंद्र, विष्णू, कालीही आहेत आणि प्रत्येकाला किती घाव सोसता येतात, त्याचे आकडे दिले आहेत. एखाद्याला हे उथळ वाटेल, एखाद्याला चक्क अवमान. दुसरा म्हणेल, आमच्या देवांना झ्यूसच्या पंगतीत बसवले, यात वाईट काय? पूजा चालू असलेले दैवत आणि जुन्या पुराणकथेतले दैवत यांना एकाच मापाने मोजणे मला खटकते. तरी ते खेळणाऱ्याच्या मनात अनादर होता, असे त्या आकड्यांवरून मला म्हणता येणार नाही. अशा अडचणींसाठी हल्ली बरेच गट पहिल्या डावाआधी एक बैठक घेतात. तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. लढाया किती हव्यात, कुठले विषय टाळायचे, हे तिथे ठरते. काली नको असेल तर तेवढे सांगितले की पुरते, कारण द्यावे लागत नाही. आवृत्त्यांवरून आणि खेळांवरून भांडणारे लोक मात्र सहसा एका टेबलावर बसलेलेच नसतात. त्यांच्यात अशी बैठक होण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून आपल्याला काय हवे होते आणि आपल्या टेबलावर काय झाले, एवढे तरी ज्याला त्याला आपल्या मताबरोबर सांगावे लागते.