स्टुडिओचं नाव: विकत घ्यायचं की कमवायचं?

तीन-चार लगीनसराया दुसऱ्याच्या हाताखाली काढून एखादा तरुण फोटोग्राफर स्वतःचं दुकान थाटायला निघतो, तेव्हा घरातून एक सल्ला हमखास येतो: एखाद्या मोठ्या नावाची फ्रँचायझी घे, गिऱ्हाईक आपोआप येईल. नवजात बाळांचे फोटो, मॅटर्निटी शूट, शाळांचे ग्रुप फोटो, लग्नं, सगळ्यांतच आज फ्रँचायझी विकली जाते. सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण त्याच्या जोरावर आईचं सोनं गहाण पडतं, म्हणून त्यामागचे समज तपासायलाच हवेत.

पहिला आणि सगळ्यांत पक्का समज म्हणजे नाव गिऱ्हाईक आणतं. चहाच्या किंवा वडापावच्या दुकानात ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे गिऱ्हाइकाला कालचीच चव आज हवी असते. लग्नाच्या फोटोंत तसं होत नाही. मुलीचे वडील विचारतात, "शूटला कोण येणार?" मुलीने आधीच इन्स्टाग्रामवर दहा जणांचं काम पाहिलेलं असतं, मावसबहिणीचा अल्बम चाळलेला असतो आणि तो काढणाऱ्याचा नंबर मिळवलेला असतो. बारसं, मुंज, डोहाळजेवण यांच्या ऑर्डरी अशाच एका घरातून दुसऱ्या घरात जातात. पाटीवर कंपनीचं नाव असलं, तरी लोक लक्षात ठेवतात ते माणसाला आणि त्याच्या नजरेला.

मात्र फोटोग्राफीचं सगळंच काम असं नसतं. शाळेच्या बाराशे मुलांचे फोटो दोन दिवसांत काढायचे, प्रत्येक फोटोला योग्य नाव आणि तुकडी जोडायची, ओळखपत्रं वेळेत छापून द्यायची, यात कलेपेक्षा शिस्त मोठी. प्रसूतिगृहाशी करार करून बाळांचे फोटो काढायचे असतील, तर डॉक्टरांना समोर एखादी व्यवस्था दिसली की विश्वास वाटतो. अशा कामात तयार सॉफ्टवेअर, ठरलेली दरपत्रकं, प्रशिक्षण आणि कंपनीचे आधीचे करार खरंच उपयोगी पडतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कामात फोटो काढणारा बदलला तरी गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, तिथे फ्रँचायझीचा विचार करावा. जिथे फरक पडतो, तिथे ते पैसे स्वतःच्या कामात घालावेत.

मोठ्या नावाला मरण नसतं, हाही असाच एक समज. 'कोडॅक एक्स्प्रेस'च्या पिवळ्या पाट्या आपल्या तालुक्याच्या गावांतही होत्या. दुकान स्थानिक माणसाचं, नाव आणि कागद कंपनीचा. जानेवारी २०१२ मध्ये ईस्टमन कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये फोटो कागदाचा व दुकानांशी निगडित धंदा 'कोडॅक अलारिस' या वेगळ्या कंपनीकडे गेला. अमेरिकेतच १९८८ साली सुरू झालेल्या 'ग्लॅमर शॉट्स' या पोर्ट्रेट स्टुडिओच्या साखळीने नव्वदच्या दशकात शेकडो शाखा उघडल्या, पुढे त्यातल्या मोजक्याच उरल्या. दुसरीकडे मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ चा आणि दादरचा इंडिया फोटो स्टुडिओ १९४८ चा, दोघांनीही नाव स्वतःच्या कामावर कमावलं. यावरून स्वतंत्र धंदा टिकतोच असं मुळीच ठरत नाही, कितीतरी गल्लीतले स्टुडिओ डिजिटल कॅमेऱ्यानंतर आणि मोबाइलनंतर बंद पडले. पण कंपनीचं नाव तंत्र बदलल्यावर धंदा वाचवेल, या भरवशावर कोणी राहू नये.

आता हिशेब. "रॉयल्टी फक्त आठ टक्के" हे वाक्य ऐकायला हलकं वाटतं, कारण ऐकणारा ते नफ्याचे आठ टक्के समजतो. रॉयल्टी साधारणपणे एकूण बिलिंगवर असते. समजा वर्षाला १५ लाखांची कामं झाली. भाडं, सेकंड शूटर, एडिटर, अल्बमची लॅब, पेट्रोल आणि कॅमेऱ्याचा हप्ता जाऊन ३० टक्के, म्हणजे साडेचार लाख हातात राहिले. आठ टक्के रॉयल्टी आणि दोन टक्के जाहिरात निधी धरला तर दीड लाख गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २७ हजार. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर भरलेल्या कराचा परतावाही मिळत नाही. तो सरळ खर्चात जमा होतो. सुरुवातीला दिलेली पाच लाखांची फी करासह ५ लाख ९० हजार होते. ती पाच वर्षांच्या करारावर वाटली तर वर्षाला १ लाख १८ हजार पडतात. साडेचार लाखांतून उरले १ लाख ५५ हजार, महिन्याला तेरा हजारांच्याही आत. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या हातातल्या करारातले आकडे घालून हीच वजाबाकी करा.

मग उलटं विचारायचं: फ्रँचायझी न घेता मिळणारे साडेचार लाख फ्रँचायझी घेऊनही हवे असतील, तर धंदा किती वाढला पाहिजे? उलाढाल २० लाखांपुढे जाईल, नोंदणी होईल, भरलेल्या कराचा परतावा मिळेल, असं सगळं अनुकूल धरून आणि नफ्याचं प्रमाण ३० टक्केच ठेवून हा आकडा साडेसत्तावीस लाखांवर जातो. शिवाय नोंदणीनंतर गिऱ्हाइकाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो, तो वेगळाच. म्हणजे त्या नावाने वर्षाला साडेबारा लाखांचं जास्तीचं काम आणून दिलं पाहिजे. कंपनीच्या माणसाला हा एकच प्रश्न विचारावा: माझ्याएवढ्या गावातल्या कुठल्या शाखेत इतकी वाढ झाली, तिचा पत्ता द्या.

करारात किमान मासिक रॉयल्टीचं कलम असेल, तर ते आपल्या पंचांगाशेजारी ठेवून वाचावं. चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतरच पुन्हा सुरू होतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळी सिझनमध्ये आला. किमान रॉयल्टी मात्र बाराही महिने सारखीच द्यावी लागते. कमाई हंगामी असेल, तर किमान रक्कमही हंगामी लावून घ्यायचा आग्रह धरावा. कंपनी तयार नसेल, तर तिला लग्नाचा धंदा कळलेला नाही असं मी खुशाल समजेन.

फ्रँचायझी म्हणजे कायद्याचं संरक्षण, असंही अनेकांना वाटतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांची माहिती लेखी द्यावी लागते. तिच्यावरचे खटले, सगळे खर्च, बंद पडलेल्या शाखा, सगळं त्यात येतं. भारतात असा स्वतंत्र फ्रँचायझी कायदा नाही. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा अशा सर्वसाधारण कायद्यांवरच भागवावं लागतं, आणि फसवणूक झाल्यावर ती सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. म्हणून जी माहिती अमेरिकेत आपोआप मिळते, ती इथे मागून घ्यायची आणि लेखी घ्यायची. करारात लवादाचं ठिकाण दिल्ली किंवा गुरुग्राम असेल, तर सांगलीच्या माणसाला भांडण परवडणार नाही, हेही सहीआधीच बघावं.

याच्या उलट टोकाची भीतीसुद्धा चुकीची आहे. "सोडल्यावर तीन वर्षं फोटोग्राफी करायची नाही" असं कलम दाखवलं की माणसं अडकल्यासारखी राहतात. करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंद्याची गुडविल विकली तरच अपवाद. करार चालू असताना मात्र असं बंधन लागू होऊ शकतं. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. आणि कंपनीचं नाव, लोगो, गोपनीय माहिती वापरण्यावरची बंदी करार संपल्यावरही राहतेच.

माझ्या मते निर्णयाचा गाभा इथेच आहे: करार संपल्यावर तुमच्याकडे काय उरतं? पाच वर्षं चालवलेलं इन्स्टाग्राम खातं, गुगलवरचे अभिप्राय, सगळ्या घरांत सेव्ह झालेला मोबाइल नंबर आणि काढलेले फोटो. यातलं एकेक कोणाच्या नावावर आहे ते करारात शोधा. "मी काढलेला फोटो माझा" हा समजही इथे घात करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहकच असतो. त्यामुळे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवण्याची लेखी परवानगी बुकिंगच्या वेळीच घ्यावी, आणि बाळांच्या फोटोंसाठी आईवडिलांकडून तर नक्कीच.

स्वतंत्र धंद्याबद्दल दोनच गोष्टी. तो एकट्याने करायचा असतो हे खरं नाही. अल्बमची छपाई लॅबकडे देता येते, एडिटिंग बाहेर करून घेता येतं, सिझनमध्ये मोठ्या स्टुडिओसाठी दिवसावर काम करता येतं. फ्रँचायझीशिवाय बँक उभं करत नाही, हेही खरं नाही. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्जासाठी तारण लागत नाही, आणि उद्यम नोंदणी मोफत आहे.

आणि स्वतःचं नाव लावायचं ठरलंच, तर पाटी रंगवण्याआधी ट्रेड मार्कच्या संकेतस्थळावर ते दुसऱ्या कोणी घेतलेलं नाही ना, हे तपासा. फोटोग्राफी ४१ व्या वर्गात येते, ऑनलाइन अर्जाची फी एकट्या व्यक्तीला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे तिचं नूतनीकरण करता येतं.