डिस्चार्जनंतरचे सहा आठवडे

‘ऑपरेशन व्यवस्थित झालं, आता घरी घेऊन जा,’ हे डॉक्टरांचं वाक्य ऐकलं की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. बुलढाणा जिल्ह्यात पुढचं चित्र बहुतेक घरांत सारखंच असतं. ऑपरेशन बुलढाण्यात, खामगावात, अकोल्यात नाहीतर छत्रपती संभाजीनगरात झालेलं असतं. गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून रुग्णाला मेहकर, लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या गावी आणतात. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात. पलंग हवेशीर जागी लावला जातो आणि घरच्यांना वाटतं, मोठं काम आटोपलं.

खरं तर बरं होण्याचा मोठा भाग इथून पुढे असतो. दवाखान्यातले दिवस मोजके, पुढचे आठवडे मात्र घरातले. त्या काळात रुग्णाने काय खाल्लं, किती झोप घेतली, किती चालला आणि त्याच्याशी घरात कोण कसं बोललं, या सगळ्याचा बरं होण्यावर परिणाम होतो. यातला शेवटचा मुद्दा हळवा वाटेल, पण त्यावरही संशोधन झालेलं आहे.

टाके सुकले म्हणजे जखम भरली नाही

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत जखमेभोवती सूज असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करत असतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे नवे धागे विणले जातात. मग कित्येक महिने हे धागे घट्ट होत राहतात. कातडीच्या जखमेची ताकद पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळ ताकदीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. वरून सगळं सुकलेलं दिसत असताना आतलं काम अर्धंही झालेलं नसतं. म्हणूनच पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पाण्याची घागर किंवा धान्याचं पोतं निदान सहा आठवडे उचलू नका, असं सांगितलं जातं.

हे धागे विणायला प्रथिनं लागतात. ‘वरणाने जखम पिकते’ अशा समजुतीपायी अनेक घरांत रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवतात. डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल, तर तुरीचं किंवा मुगाचं वरण, ताक, अंडी आणि ज्वारीची भाकरी यांची या दिवसांत जास्त गरज असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आहार मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

घरातल्या बोलण्याचा जखमेशी संबंध

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि असा भार नसलेल्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. सेवेच्या ताणाखाली असलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

पुढे २००५मध्ये त्यांच्याच गटाने ४२ जोडप्यांचा अभ्यास केला. जोडपी दोन वेळा मुक्कामाला आली. एकदा त्यांनी एकमेकांना आधार देणारं बोलावं आणि एकदा वादाच्या विषयावर बोलावं, असं ठरलं होतं. वादाच्या मुक्कामात जखम भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत ६० टक्के वेगानेच भरल्या. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं आणि जखम भरण्याची सुरुवात करून देणारे रासायनिक संदेश कमी पडतात, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं.

हे प्रयोग लहान होते आणि जखमाही छोट्या होत्या. प्रेमळ घरात जंतुसंसर्ग होत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण दुखण्यातल्या माणसाच्या उशाशी बसून खर्चाचा, वाटणीचा किंवा सुनेच्या माहेरचा विषय काढू नये, एवढं तरी त्यातून नक्की घेता येतं.

नजरेला काय पडतं, यानेही फरक पडतो. रॉजर उलरिच यांनी १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. आपल्याकडे पलंग आतल्या अंधाऱ्या खोलीत टाकण्याऐवजी अंगणातला कडुनिंब आणि घरातली ये-जा दिसेल असा लावला, तर त्याला खर्च काही येत नाही.

विदर्भातलंच उदाहरण द्यायचं तर गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांचं. त्यांना १९९५मध्ये हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आहार, व्यायाम आणि ध्यान यांच्याइतकंच महत्त्व माणसामाणसांतल्या प्रेमाला दिलं. आजारपणाने आपलं जगणंच तपासायला लावलं, असं एका डॉक्टरने सांगितल्यामुळे ते अनेकांच्या मनाला भिडलं.

आभार आणि ओझं

घरातली बाई आजारी पडते, तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेली आई पलंगावर आहे, मुलगा चहा करतोय, नवरा कपडे वाळत घालतोय. तिला बरं वाटायला हवं, पण ती ओशाळते. ‘माझ्यापायी सगळ्यांची तारांबळ,’ म्हणत दहाव्या दिवशी चुलीपुढे बसते, पंधराव्या दिवशी हंडा उचलते. सोयाबीन काढणीला आलेलं असेल, तर विचारायलाच नको.

मानसशास्त्रज्ञ इथे दोन भावना वेगळ्या करतात. एक कृतज्ञता, दुसरी परतफेडीचं ओझं. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवलं की मदत करणाऱ्याला परतफेडीची अपेक्षा आहे असं जाणवलं, की ओझं वाढतं आणि कृतज्ञता कमी होते. ‘तुझ्यासाठी कामाला खाडा केला,’ हे वाक्य खरं असलं तरी नेमकं हेच करतं. त्याऐवजी ‘इतकी वर्षं तू केलंस, आता थोडे दिवस आम्हाला करू दे,’ असं कुणी म्हटलं तर तिला पडून राहायची मोकळीक मिळते. अशा घरात आभार मानायची पहिली पाळी निरोगी माणसांची असते.

रुग्णालाही कृतज्ञतेचा उपयोग होतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३च्या अभ्यासात स्नायू आणि मज्जातंतूंचा आजार असलेल्या काही जणांनी २१ दिवस रोज आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहिल्या. त्यांना झोप चांगली लागली आणि मनही प्रसन्न राहिलं. वही नको असेल तर मनातल्या मनात आठवलं तरी चालेल. पहिल्यांदा आधाराशिवाय न्हाणीपर्यंत गेलो. नातवाने पाढे म्हणून दाखवले. शेजारच्या काकूंनी शेपूची भाजी पाठवली.

आनंद द्या, गर्दी करू नका

भेटायला येणं ही आपली चांगली रीत आहे. मात्र पहिले दोन आठवडे एका वेळी दोन माणसं, पंधरा मिनिटं आणि हात धुऊन, एवढा नियम ठेवावा. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवर बोलावं. ‘आमच्या पाहुण्यांचं असंच ऑपरेशन बिघडलं होतं,’ ही गोष्ट दाराबाहेरच ठेवावी. लहान मुलांना दूर हाकलू नये. पोटावर उशी धरून बसलं की नातवंड शेजारी बसू शकतं आणि खोकताना-हसताना टाक्यांवर ताणही कमी येतो.

दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालणं फुप्फुसांसाठी आणि पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून गरजेचं असतं. ‘चल, व्यायाम कर’ म्हणण्यापेक्षा ‘चला बाबा, गोठ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हटलं तर पावलं आपोआप पडतात.

सेवा करणाऱ्या माणसाचीही काळजी घ्या. वरच्या प्रयोगात ज्यांची जखम उशिरा भरली, त्या सेवा करणाऱ्याच स्त्रिया होत्या, हे विसरू नये. रात्रीची जागरणं एकट्या सुनेवर किंवा लेकीवर न टाकता पाळ्या लावाव्यात. तिला दिवसातून एक तास स्वतःसाठी मिळायला हवा.

‘बरं आहे’ म्हणून थांबू नका

कृतज्ञतेची एक धोक्याची बाजूही आहे. घरचे एवढं करतात, मग आणखी कशाला सांगायचं, म्हणून अनेक रुग्ण दुखणं लपवतात. पुढीलपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा: १०१ फॅरेनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, वाढत जाणारी लाली, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, टाके उघडणं, सतत उलट्या, लघवी न होणं किंवा एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं त्याच पॅकेजमध्ये असतात. खर्चाच्या धास्तीने फेरतपासणी टाळू नका.

एक साधी सवय लावून घेता येईल. रात्री जेवणं झाली की रुग्णाला दोन प्रश्न विचारा: आज काय दुखलं? आणि आज काय बरं वाटलं? दोन्हींची उत्तरं शांतपणे ऐका. पहिलं उत्तर कागदावर लिहून फेरतपासणीला डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याला ते त्याच रात्री सांगा.