युनिट म्हणजे एमएल नव्हे : इन्सुलिन ड्रिपचं गणित

कल्याण, डोंबिवली, ठाणे, जिथे कुठे कानात हेडफोन घालून उभे असाल तिथे तुमचं स्वागत. आजचा भाग खास नर्सिंगच्या मुलामुलींसाठी. जीएनएम असो की बी.एस्सी., एक प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो : "ताई, इन्सुलिन इन्फ्युजनचा रेट कसा काढायचा? परीक्षेत जमतं, वॉर्डात हात थरथरतो."

हात थरथरतो ते बरंच आहे. माझा थरथरला नव्हता, म्हणूनच चूक झाली. आधी ती सांगते, मग गणित.

माझी नाइट ड्यूटी

नोकरीचं पहिलं वर्ष. मी डोंबिवलीहून ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये जायचे. रात्री अकराला आयसीयूत एक तरुण पेशंट आला. टाइप १ डायबेटिस, डीकेए, शुगर ४६२, वजन ६० किलो. डॉक्टरांची ऑर्डर : रेग्युलर इन्सुलिन ५० युनिट, ५० एमएल नॉर्मल सलाईनमध्ये, तासाला किलोमागे ०.१ युनिट.

मी गणित केलं. ६० × ०.१ = तासाला ६ युनिट. ५० एमएलमध्ये ५० युनिट, म्हणजे १ एमएलमध्ये १ युनिट. पंपावर ६ एमएल. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

पण दोन वाजता शुगर ४१८. डॉक्टर म्हणाले, "उतरत नाहीये, १० करा." पाचला ३३०. तेवढ्यात सिरिंज संपत आली. सीनियर सिस्टरनी नवी भरून लावली, रेट तोच १०. सहाला शुगर २०५. मी मनात म्हटलं, चला, उतरली एकदाची. सातला, ऐन ओव्हर देण्याच्या गडबडीत, पेशंटला दरदरून घाम. शुगर ६८.

पंप थांबवला, डेक्स्ट्रोज दिलं, थोड्या वेळाने डॉक्टरांनी कमी रेटने ड्रिप पुन्हा सुरू केली. पेशंट सावरला. मग सीनियर सिस्टरनी मला एकच प्रश्न विचारला : "रात्रीची सिरिंज कशाने भरली होतीस?"

चूक नेमकी कुठे?

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. व्हायलमधलं बहुतेक वेळा ४० चं असतं, म्हणजे १ एमएलमध्ये ४० युनिट. १०० चंही मिळतं, आणि पेनची काडतुसं साधारणपणे १०० ची असतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. लाल कॅपची ४० साठी, नारिंगी कॅपची १०० साठी.

मला हवे होते ५० युनिट. व्हायल ४० ची. लाल कॅपची सिरिंज ४० च्या रेघेवर संपते, म्हणजे दोनदा भरायला हवी : एकदा ४०, एकदा १०. मी म्हटलं, कशाला? नारिंगीवर १०० पर्यंत रेघा आहेत, एकाच दमात ५० होतील.

इथेच घात झाला. नारिंगी सिरिंजवरची ५० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल. ४० च्या व्हायलमधल्या अर्ध्या एमएलमध्ये फक्त २० युनिट असतात. माझ्या ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ५० नव्हे, २० युनिट होते. पंप ६ एमएल देत होता, पेशंटला मिळत होते २.४ युनिट. रेट १० केल्यावर मिळाले ४ युनिट. आणि पाच वाजता बरोबर भरलेली सिरिंज लागली, तेव्हा त्याच रेटने थेट १० युनिट जायला लागले. एका चुकीवर दुसरी बरोबर गोष्ट बसली आणि पेशंट खाली गेला.

उलटी चूक तर आणखी वाईट. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने ओढलं, तर प्रत्येक रेघेमागे अडीचपट डोस जातो. म्हणून पेनच्या काडतुसातून लाल सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही. कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९७० च्या दशकातच १०० युनिटची ताकद रूढ झाली. तिथल्या पुस्तकांतली गणितं १०० धरूनच चालतात. आपण ती पाठ करतो आणि वॉर्डात हातात ४० ची व्हायल येते.

आता गणित, चार पायऱ्यांत

पहिली : व्हायल वाचा. रेग्युलर आहे ना? ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ड्रिपमध्ये हेच घालायचं. गढूळ दिसणारं ३०/७० शिरेतून द्यायचं नाही. मग ताकद बघा : ४० की १००?

दुसरी : किती एमएल ओढायचं? हवे असलेले युनिट ÷ व्हायलची ताकद.
४० ची व्हायल : ५० ÷ ४० = १.२५ एमएल.
१०० ची व्हायल : ५० ÷ १०० = ०.५ एमएल.
सिरिंज व्हायलशी जुळणारीच घ्या. मग नॉर्मल सलाईनने एकूण ५० एमएल करा. लेबलवर औषध, एकूण युनिट, एकूण एमएल, १ एमएलमध्ये किती युनिट, वेळ आणि सही. "इन्सुलिन" एवढंच लिहिलेलं लेबल म्हणजे लेबल नव्हे.

तिसरी : तासाला किती युनिट? वजन × ऑर्डरमधला डोस. ६० × ०.१ = ६.

चौथी : तासाला किती एमएल? तासाचे युनिट ÷ १ एमएलमधले युनिट. ६ ÷ १ = ६ एमएल.

पंप नसेल तर? समजा ५० युनिट ५०० एमएलमध्ये घातले. १ एमएलमध्ये ०.१ युनिट. ६ ÷ ०.१ = तासाला ६० एमएल. मायक्रोड्रिप सेटमध्ये १ एमएलचे ६० थेंब, म्हणून तासाचे जितके एमएल तितकेच मिनिटाचे थेंब : ६०. साध्या सेटचे १ एमएलला २० थेंब असतील तर ६० ÷ ३ = २० थेंब. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो बघा. आणि पेशंटने हात दुमडला की थेंब बदलतात, म्हणून पंप मिळत असेल तर पंपच.

गाडीतला गृहपाठ

स्लो लोकलने ठाण्याकडे निघाला असाल तर हे करून बघा.

कोपरला : वजन ४८ किलो, डोस ०.१, ५० एमएलमध्ये ५० युनिट. रेट?
दिव्याला : तोच पेशंट, पण ५० युनिट १०० एमएलमध्ये आहेत. रेट?
मुंब्र्याला : वजन ७० किलो, शुगर २१० वर आली, डॉक्टरांनी डोस ०.०५ केला. ५० एमएलमध्ये ५० युनिट. रेट?

कळव्याला उत्तरं : ४.८, ९.६ आणि ३.५ एमएल.

उत्तर आलं की स्वतःला विचारा, हे पटतंय का? किलोला ०.१ युनिटच्या ऑर्डरवर मोठ्या माणसाचं उत्तर साधारण ४ ते ८ युनिटच्या आसपास येतं. तुमचं ४८ आलं तर दशांश चिन्ह घसरलंय.

गणिताच्या बाहेरचं

पंप सुरू करण्याआधी पोटॅशियम विचारा. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. ते आधीच ३.५ च्या खाली असेल तर डॉक्टर आधी पोटॅशियम भरून काढतात, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडतात.

शुगर दर तासाला बघा. डीकेएमध्ये ती २०० ते २५० च्या दरम्यान आली की डॉक्टरांना लगेच कळवा, कारण तिथे डेक्स्ट्रोज सुरू करून इन्सुलिनचा रेट कमी करतात. त्या दिवशी सहाच्या २०५ ला मी फोन करायला हवा होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

शुगर अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल, तर रेट वाढवण्याआधी सिरिंजकडे बघा. ती कोणी भरली, कशाने भरली, लेबल काय म्हणतं? पंपाला फक्त एमएल कळतात. आत किती युनिट आहेत, हे तुम्हालाच माहीत असतं.

आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. तुमचा आकडा तिला आधी सांगू नका, तिला स्वतः काढू द्या. दोघींचा जुळला तरच पंप सुरू.

त्या सकाळी खोटं बोलणं सोपं होतं, सिरिंज केव्हाच कचऱ्यात गेली होती. मी खरं सांगितलं. बोलणी बसली, पण दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर जाड अक्षरात कागद लागला : "४० ला लाल. १०० ला नारिंगी. सही दोघींची."

तुमच्या वॉर्डाचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची ऑर्डर नेहमी पहिली. पण तुमच्या फ्रिजवर असा कागद नसेल, तर आजच लावा.

भेटू पुढच्या भागात. ठाणे आलं, उतरून घ्या!