रोल्स चॅपेलचा प्रवचनकार

मागच्या आठवड्यात टॉमस हॉब्जचा स्वार्थवाद आपण पाहिला. त्याच हॉब्जची एक आठवण चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवली आहे. लंडनमध्ये स्ट्रँड रस्त्यावर एका जर्जर म्हाताऱ्याने त्याच्यापुढे हात पसरला. हॉब्जला कणव आली आणि त्याने खिशातून सहा पेन्स काढून दिले. शेजारी एक धर्मोपदेशक उभा होता. ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असतेस का, असं त्याने विचारलं. हॉब्ज म्हणाला, दिले असते. म्हाताऱ्याचे हाल बघून मला त्रास होत होता. पैसे मिळून त्याला आराम पडला, आणि तो बघून मलाही पडला.

उत्तर बिनतोड वाटतं. दानशूर माणूस स्वतःचीच चुटपूट शमवतो, आई स्वतःच्याच समाधानासाठी उपाशी राहते, हुतात्मा स्वतःच्याच कीर्तीसाठी फासावर जातो. शेवटी ज्याचा त्याचा स्वार्थ! असं म्हणणारा माणूस प्रत्येक बैठकीत एक तरी असतो, आणि त्याला गप्प करणं सोपं नसतं. हॉब्ज 1679 साली वारला. या उत्तरातली मेख कुठे आहे हे नेमकं दाखवणारा जोसेफ बटलर त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मला. तो इंग्लंडच्या चर्चमधला पाद्री होता.

बटलरचा जन्म 1692 सालचा, बर्कशायरमधल्या वाँटेज गावचा. वडील कापडाचे व्यापारी होते. आठ भावंडांत हे शेंडेफळ. घराणं प्रेस्बिटेरियन, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचं, त्यामुळे ऑक्सफर्डची दारं बंद. मुलाने आपल्या पंथाचा धर्मोपदेशक व्हावं म्हणून वडिलांनी त्याला सॅम्युअल जोन्स यांच्या विद्यालयात घातलं. हे विद्यालय आधी ग्लॉस्टरला होतं, मग ट्यूक्सबरीला गेलं. तिथे एकविशीतल्या बटलरने एक उद्योग केला. सॅम्युअल क्लार्क हे त्या काळचे मोठे तत्त्वज्ञ. ईश्वराच्या अस्तित्वाचे त्यांनी दिलेले पुरावे बटलरला काही ठिकाणी लंगडे वाटले. त्याने नाव न देता, ग्लॉस्टरशायरमधला एक गृहस्थ म्हणून, त्यांना पत्रं लिहिली. गावाचा माग लागू नये म्हणून टॉमस सेकर हा वर्गमित्र ती पत्रं ग्लॉस्टरच्या टपालात नेऊन टाकायचा. क्लार्क यांनी त्या अनामिक शंकेखोराला गांभीर्याने उत्तरं दिली आणि पुढे तो पत्रव्यवहार आपल्या ग्रंथाला जोडून छापलाही. टपाल टाकणारा सेकर नंतर कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

विचारांती बटलरने घरचा पंथ सोडला आणि तो ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात दाखल झाला. तिथलं शिक्षण त्याला कंटाळवाणं वाटलं, पण एक मैत्री आयुष्यभर पुरली. एडवर्ड टॅलबट हा बिशपचा मुलगा. 1720 साली तो देवीच्या आजाराने गेला आणि मरताना बापाला सांगून गेला, माझ्या मित्रांना सांभाळा. बापाने शब्द पाळला. बटलरची पुढची बढती बरीचशी या शब्दाच्या जोरावर झाली. अठराव्या शतकातलं इंग्लिश चर्च वशिल्यावर चालत असे, आणि सदसद्विवेकाचा हा भाष्यकारही त्याच शिडीने वर गेला, हे नोंदवून ठेवलेलं बरं.

टॅलबट आणि क्लार्क यांच्या शिफारशीने त्याला लंडनच्या चॅन्सरी लेनवर रोल्स चॅपेलमध्ये प्रवचनकाराचं काम मिळालं. 1726 पर्यंत सुमारे सात वर्षं त्याने ते केलं. चॅपेलला लागून न्यायालयीन दप्तरखाना होता. समोर बसणारे बहुतेक वकील आणि न्यायखात्यातले लोक, म्हणजे पुरावा कुठे संपतो आणि बोलघेवडेपणा कुठे सुरू होतो हे चटकन ओळखणारे. 1720 मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर कोसळून लंडनमधली घरंच्या घरं बुडालेली. 1723 मध्ये बर्नार्ड मँडेव्हिलच्या मधमाश्यांच्या ग्रंथाची वाढीव आवृत्ती निघाली. माणसांचे दुर्गुणच देशाला श्रीमंत करतात, हे त्याचं म्हणणं, आणि मिडलसेक्सच्या ग्रँड ज्युरीने ते पुस्तक समाजाला उपद्रव म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. अशा वातावरणात दिलेल्या प्रवचनांपैकी पंधरा निवडून बटलरने 1726 साली छापली. इंग्रजी नीतिशास्त्रातलं हे एक मुख्य पुस्तक. वाचायला मात्र सोपं नाही. श्रोत्यांना रडवायची, घाबरवायची बटलरला हौसच नव्हती.

आता हॉब्जचं उत्तर घेऊ. बटलर आधी साधा प्रश्न करतो: भूक कशाची असते? भाकरीची. भाकरी खाऊन होणाऱ्या सुखाची नव्हे. सुख होतं ते भाकरी हवीशी होती म्हणून. जिला भूकच नाही तिच्यासमोर पंचपक्वान्नं मांडली तरी सुख कुठून यायचं? म्हणजे सुखाच्या आधी कसली तरी ओढ असावी लागते, आणि ती ओढ स्वतःकडे नव्हे, बाहेरच्या कशाकडे तरी असते. ओढ माझी आहे हे खरं. पण तिचा विषय मी नाही. हॉब्जला म्हाताऱ्याच्या सुटकेने आराम पडला, कारण म्हाताऱ्याचं दुःख त्याला आधीच बोचत होतं. ते का बोचत होतं, हा खरा प्रश्न, आणि हॉब्जच्या उत्तरात तो गृहीत धरून पुढे जाण्यात आलं आहे.

दया म्हणजे तीच आपत्ती आपल्यावर येईल ही भीती, असंही हॉब्ज म्हणे. बटलर यावर एका तळटीपेत उत्तर देतो. तसं असेल तर जो सगळ्यांत भित्रा तोच सगळ्यांत दयाळू ठरला पाहिजे. शिवाय परक्यापेक्षा मित्राचं दुःख जास्त का लागतं, याचा उलगडा भीतीतून होत नाही.

बटलरचा पुढचा मुद्दा अधिक अनपेक्षित आहे. माणूस फार स्वार्थी आहे ही तक्रारच त्याला चुकीची वाटते. त्याच्या मते माणसाला स्वतःच्या खऱ्या हिताची काळजी पुरेशी नसते. सूडाने पेटलेला माणूस पाहा: शत्रूचं वाटोळं व्हावं म्हणून तो स्वतःचं घरदार, झोप, प्रतिष्ठा पणाला लावतो. समोर बसलेल्या वकिलांना अशी अशिलं ठाऊक असणारच. वीतभर बांधासाठी दोन पिढ्या दावा चालवून जमीन विकणारे भाऊबंद आपल्याकडेही कमी नाहीत. यात स्वार्थ कुठे आहे? थोडा थंड डोक्याचा स्वार्थ असता तर तेवढ्याने हे घर वाचलं असतं.

म्हणून बटलरच्या चित्रात माणसाच्या मनात एकच राजा नाही, एक व्यवस्था आहे. भूक, राग, लोभ, माया अशा सुट्या ओढी. त्यांच्यावर स्वहिताचा शांत विचार. त्याच्या जोडीला इतरांचं भलं व्हावं ही बुद्धी. आणि सगळ्यांच्या वर सदसद्विवेक. हा वरचेपणा जोराचा नाही, अधिकाराचा आहे, आणि बटलरच्या नीतिविचाराचा गाभा तोच. आमिषाला भुलून सापळ्यात शिरणारं जनावर आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतं. तोच सापळा आणि त्यातला नाश स्वच्छ दिसत असताना माणूस शिरला, तर तो स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागतो, कारण त्याच्या घडणीत त्या ओढीपेक्षा वरच्या दर्जाचं काहीतरी आहे. ओढ जिंकली म्हणून ती योग्य ठरत नाही. जमावाने सरकार उलथलं तर जमावाचं बळ सिद्ध होतं, हक्क नव्हे. वकिलांना हा भेद समजावून सांगावा लागला नसेल.

या प्रवचनांतली रागावरची आणि क्षमेवरची दोन आजही ताजी आहेत. दयाळू ईश्वराने माणसाला राग कशाला दिला, असा प्रश्न बटलर घेतो. एक राग अचानक उसळणारा, लहान मुलांत आणि जनावरांतही असतो. तो जीव वाचवण्यापुरता. दुसरा मुरलेला, अन्याय झाल्याचं कळल्यावरच येणारा. गोष्टीत कुणा अनोळखी माणसावर जुलूम झाला तरी आपल्याला तो येतो. हा दुसरा राग समाजाला बांधून ठेवतो. मग क्षमा म्हणजे काय? राग पुसून टाकणं नव्हे. झालेला अन्याय अन्यायच राहतो. फक्त अपराध्याकडे पाहताना तो माणूस असल्याचं सुटू द्यायचं नाही, आणि रागाचं वैर होऊ द्यायचं नाही. क्षमेच्या नावाखाली पीडितालाच गप्प बसवणाऱ्यांना ही व्याख्या गैरसोयीची आहे.

पुढे तो उत्तरेकडे डरहॅमजवळच्या स्टॅनहोपला रेक्टर म्हणून राहायला गेला. शिशाच्या खाणींमुळे या धर्मगावाचं उत्पन्न भरपूर, पण जगापासून दूर. राणी कॅरोलाइनने एकदा चौकशी केली, बटलर वारले ना? यॉर्कचे आर्चबिशप ब्लॅकबर्न म्हणाले, नाही, वारले नाहीत, पुरले गेले आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्याची वेगळीच आठवण उरली होती. रेक्टर काळ्या तट्टावर बसे आणि ते भरधाव सोडी. भिकारी त्याला गाठत, त्यांना नाही म्हणणं त्याला जमत नसे, आणि पिच्छा सोडवायला तो घरी पळे. हॉब्जप्रमाणे त्यालाही कुणी कारण विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

1736 साली राणीनेच त्याला दरबारी बोलावलं. रोज संध्याकाळी सात ते नऊ तिच्याकडे तत्त्वचर्चा चाले, तिथे तो हजर असे. त्याच वर्षी त्याचा धर्मविषयक मोठा ग्रंथ निघाला. पुढे बराच काळ तो इंग्रजी शिक्षणात ठाण मांडून होता. आज प्रवचनंच जास्त वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. 1738 मध्ये ब्रिस्टलचं बिशपपद मिळालं. हा इंग्लंडमधला सगळ्यांत गरीब धर्मप्रांत. पंतप्रधान वॉलपोल यांना बटलरने पद स्वीकारल्याचं कळवलं, पण पत्रात नाराजी लपली नाही.

ब्रिस्टलमध्ये 1739 साली मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली त्याला भेटला. हजारोंच्या सभांतून लोक वेस्लीपुढे रडत, कोसळत. पवित्र आत्म्याचा खास साक्षात्कार झाल्याचा दावा बटलरला भयंकर वाटला, आणि इथे तुम्हाला प्रवचनाचा अधिकार नाही, निघून जा, असं त्याने त्याला सुनावलं. वेस्ली गेला नाही. रात्री उशिरा बागेत फेऱ्या मारत बटलर आपल्या जोसाया टकर या सहकारी पाद्रीला विचारी: एखादा माणूस वेडा होतो, तसे समाजच्या समाज, राष्ट्रंच्या राष्ट्रं वेडी होत असतील का?

त्या बागेच्या आसपासच त्या प्रश्नाचं एक उत्तर उभं होतं. 1730 च्या दशकात ब्रिस्टल हे गुलामांच्या व्यापारातलं ब्रिटनचं आघाडीचं बंदर होतं. 1739 साली परदेशात धर्मप्रसार करणाऱ्या सोसायटीपुढे बटलरने प्रवचन दिलं. या सोसायटीच्या मालकीचा बार्बेडोसमध्ये कॉड्रिंग्टन हा उसाचा मळा होता, आणि त्यावर राबणारे गुलामही तिच्याच मालकीचे. बटलर तिथे म्हणाला, की गुलाम हे वसाहतीचे कनिष्ठ का होईना पण सदस्य आहेत, त्यांना गुरंढोरं किंवा माल समजू नये, आणि त्यांना धर्मशिक्षण दिलंच पाहिजे. त्या सभेत हेही बोलणं थोडं नव्हतं. पण माणसाला विकत घेणंच अन्याय आहे, असं मात्र तो म्हणाला नाही.

मराठी वाचकाला इथे टिळक आठवतील. ‘गीतारहस्या’त हॉब्जचा स्वार्थवाद तपासताना टिळक बटलरला साक्षीला बोलावतात: माणसाच्या स्वभावात स्वार्थाइतकीच परोपकारबुद्धीही उपजत आहे. पण सदसद्विवेक ही बुद्धीहून निराळी, आपोआप बरोबर सांगणारी देवता आहे, हे मत ते मान्य करत नाहीत. निवाडा करणारी बुद्धी एकच. ती शुद्ध नसेल तर निवाडाही शुद्ध नसतो. ब्रिस्टलचं बंदर पाहिलं की टिळकांचा आक्षेप पटतो.

गंमत अशी, की बटलरचं दहावं प्रवचन नेमकं यावरच आहे. त्यात तो दावीद राजाची कथा घेतो. दावीद उरियाची बायको बळकावतो आणि त्याला लढाईत मरायला पाठवतो. मग नाथान संदेष्टा येऊन गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दावीद संतापून त्या श्रीमंताला देहान्ताची शिक्षा फर्मावतो. तो श्रीमंत आपणच, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. सदसद्विवेक जागा होता, कडकही होता, फक्त त्याची नजर दुसऱ्यावर होती. ही आत्मवंचना बटलरला उघड पापापेक्षा घातक वाटे, कारण तिथे उपायाचं मूळच किडतं. स्वतःच्या सोसायटीच्या मळ्याला त्याने ही गोष्ट लावली नाही.

1750 साली तो डरहॅमचा बिशप झाला. उत्पन्न प्रचंड, पण पाहुण्यांना जेवण मात्र मांसाचा एक तुकडा आणि पुडिंग. देणगी मागायला कुणी आला तेव्हा त्याने कारभाऱ्याला शिल्लक विचारली. पाचशे पौंड, असं कळल्यावर बिशपजवळ एवढे पैसे असणं लाजिरवाणं आहे म्हणत सगळे देऊन टाकायला लावले, अशी गोष्ट सांगतात. 1752 च्या जूनमध्ये तो बाथला वारला आणि ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं. अप्रकाशित कागद जाळावेत, असं त्याने सांगून ठेवलं होतं. ब्रिस्टलच्या खाजगी चॅपेलमध्ये त्याने संगमरवरी क्रूस बसवला होता, तेवढ्यावरून तो छुपा कॅथलिक म्हणून मेला अशी आवई त्याच्या मागे उठली.

चर्चबाहेरच्या लोकांनाही त्याचा वचक होता. 1737 मध्ये सव्वीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण मोठं हस्तलिखित घेऊन लंडनला आला. त्यात चमत्कारांवर घणाघात करणारा भाग होता. पण बटलरचं मत मिळावं ही त्याची इच्छा होती, म्हणून त्याने तो भाग स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि मित्राला कळवलं, की ग्रंथाचे उत्तम अवयव मी छाटतो आहे. शिफारसपत्र घेऊन तो बटलरच्या घरी गेला तेव्हा बटलर लंडनबाहेर गेला होता. तरुणाचं नाव डेव्हिड ह्यूम. छाटल्यावर त्या हस्तलिखितात काय उरलं, ते पुढच्या आठवड्यात.