एजंटला किती मुभा द्यावी?

आपल्या वतीने मेल वाचणाऱ्या, तिकीट काढणाऱ्या सॉफ्टवेअर एजंटवर भरवसा ठेवण्यापूर्वी :

● ओळख : समोरचे संकेतस्थळ त्याच पत्त्याचे आहे का, हे डिजिटल प्रमाणपत्रावरून पडताळता येते.

● कामापुरता अधिकार : २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ओऑथ २.०’ पद्धतीत पासवर्ड न सांगता ठरावीक कामापुरते, मुदतीचे टोकन देता येते.

● छुपा धोका : वेबपानात किंवा मेलमध्ये दडवलेला मजकूर एजंट मालकाचा हुकूम समजून पाळू शकतो. या हल्ल्याला २०२२ मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव मिळाले. त्यावर शंभर टक्के खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.

● शेवटचा शब्द माणसाचा : पैसे पाठवणे, फाइल पुसणे अशा कामांआधी माणसाची मंजुरी हवीच. एजंटच्या प्रत्येक कृतीची नोंदही राहायला हवी. तरच चूक कुठे झाली ते शोधता येईल.