मर्फी म्हणजे एकच घराणं नव्हे

लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचं मूळ शोधायला मराठी माणसाला फार कष्ट पडले नाहीत. आडनावातच गाव होतं: मालवण तालुक्यातलं वराड. आडनाव ऐकलं की गाव विचारायचं, गाव कळलं की माणसाचा अर्धा पत्ता लागतो, ही आपली सवय. पण हीच सवय घेऊन आयरिश आडनावांकडे गेलं की माणूस हमखास चुकतो. सर्वांत जास्त चुकतो तो तिथल्या सर्वांत मोठ्या आडनावापाशी, म्हणजे मर्फीपाशी.

हे नाव आपल्याला परकं नाही. मर्फी रेडिओ घरोघरी होता, ‘मर्फीचा नियम’ कॉलेजच्या पोरांच्या तोंडी असतो, आणि ‘ओपनहायमर’साठी 2024 साली ऑस्कर मिळवणारा किलियन मर्फी कॉर्कचा. रेडिओची कंपनी मात्र इंग्लंडमधली. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी ती 1929 साली वेल्विन गार्डन सिटीत काढली. नियमातले एडवर्ड मर्फी हे अमेरिकी हवाई दलाच्या चाचण्यांशी संबंधित इंजिनियर. त्यामुळे हे आडनाव इंग्रज असावं असं अनेकांना वाटतं. ते मुळात आयरिश आहे. त्याचं आजचं आयरिश रूप ‘ओ मुरुखू’. त्यातला मुरुखा हा पूर्वज, आणि त्याच्या नावाचा अर्थ समुद्रावरचा योद्धा. दहाव्या-अकराव्या शतकात हे नाव आयर्लंडभर आवडीने ठेवलं जाई. पुढचा सगळा घोळ याच आवडीतून झाला.

गैरसमज: सगळे मर्फी एकाच पूर्वजाचे वंशज

भेटवस्तूंच्या दुकानात मर्फी ‘घराण्याचा’ इतिहास एका पानावर छापून, चौकटीत बसवून विकतात. त्यात एक राजा असतो, एक किल्ला असतो, आणि जगातले सगळे मर्फी त्याचे वंशज असतात. ऐकायला छान वाटतं, पण हे खरं नाही.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं फार लवकर आली. गॉलवेच्या बाजूच्या एका सरदाराच्या मृत्यूची 916 सालची नोंद सापडते. त्याचं आडनाव ओ क्लेरी, आणि ते युरोपातल्या सर्वांत जुन्या आडनावांत धरलं जातं. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत कुळामागून कुळं आपल्या एखाद्या नामांकित आजोबा-पणजोबाचं नाव कायमचं लावू लागली. आता मुरुखा नावाचे पुरुष ठिकठिकाणी होते, तेव्हा त्यांचे वंशजही ठिकठिकाणी, एकमेकांशी काही संबंध नसताना, ‘मुरुखाचे’ झाले. आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये एक मोठं कुळ होतं, आजच्या बॅलाकीन भागात त्याची वस्ती. दक्षिणेला कॉर्कमध्ये, मस्करीच्या परिसरात, मर्फींची दाट वस्ती होती. हे लोक वेक्सफर्डहूनच तिकडे गेलेले असावेत असं जुने वंशशास्त्रज्ञ मानत. वायव्येला स्लायगोकडे वेगळं कुळ. उत्तरेला अल्स्टरमध्ये, टिरोन आणि अर्मा भागात, तर नावच निराळं होतं. तिथे ‘ओ’ नव्हे, ‘मॅक’. ते आधी मॅकमर्फी झाले आणि ‘मॅक’ गळाल्यावर नुसते मर्फी.

म्हणजे बेलफास्टचा मर्फी आणि कॉर्कचा मर्फी यांचं आडनाव इंग्रजीत हुबेहूब सारखं असलं तरी आयरिशमध्ये ती दोन आडनावं असू शकतात. इंग्रजी लेखणीने वेगवेगळी नावं एकाच साच्यात ओतली, एवढाच त्यांचा संबंध. उलटंही झालं. एकाच आयरिश नावाची इंग्रजीत मर्फी, मॉर्फी, मरो, ओ’मोरको अशी रूपं पडली. वेक्सफर्डच्या जुन्या प्रमुख घराण्यातली एक शाखा आजही ओ’मोरको हे रूप लावते. बुद्धिबळातला दंतकथा बनलेला पॉल मॉर्फी न्यू ऑर्लिन्सचा. त्याच्या पणजोबांनी आयर्लंड सोडून स्पेन गाठलं होतं आणि मूळ मर्फीचं तिथे मॉर्फी झालं.

जिथे एका गावात वीस मर्फी, तिथे नुसत्या आडनावाने काम कसं भागणार? म्हणून लोक मागे आणखी एक ओळख जोडत. लाल केसांच्या शाखेला ‘रुआ’, गोऱ्या-पिंगट शाखेला ‘बॉन’, कधी आजोबाचं नाव, कधी वस्तीचं. अठराव्या शतकातले कॉर्कचे आयरिश कवी शॉन ओ मुरुखू ‘ना राहीनाख’ या जोडनावानेच ओळखले जात, आणि ते जोडनाव त्यांच्या राहत्या जागेचं. हे जोडनाव एखाद्या जुन्या कागदावर सापडलं, तर वंशावळ शोधणाऱ्याला ते आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण शाखा त्यातूनच कळते.

गावाची गंमतही तिथे आपल्या उलट. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तिकडे आडनावावरून गाव. कार्लो परगण्यात बॅलीमर्फी आहे, बेलफास्टमध्येही बॅलीमर्फी आहे. अर्थ एकच, मर्फींची वस्ती.

गैरसमज: मर्फी म्हणजे राजा डर्मटचे वंशज

लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला 1166 साली गादीवरून हाकललं गेलं. त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे धाव घेतली आणि 1169 साली नॉर्मन फौजा वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरल्या. आयर्लंडच्या इतिहासाला तिथून जे वळण लागलं, ते पुढे शतकानुशतकं सुटलं नाही. डर्मटच्या आजोबांचं नाव मुरुखा. म्हणून तो मॅकमरो. मग मर्फी त्याचेच, असा सरळ हिशेब मांडला जातो.

हिशेब चुकतो तो इथे. डर्मटच्या थेट वंशजांनी पुढे वेगळीच आडनावं घेतली. त्याचा मुलगा डॉनल याच्यापासून कॅव्हना झाले, आणि दुसरा मुलगा एना याच्यापासून किन्सेला. राजाचा वंश शोधायचा तर या दोन आडनावांत शोधावा. वेक्सफर्डचे मर्फी त्याच विशाल कुळाच्या दुसऱ्या फांदीवरचे. ते राजाचे भाऊबंद होते, वारस नव्हते. स्लायगो आणि अल्स्टरच्या मर्फींना तर ही कथा चिकटवायचं काहीच कारण नाही.

वेक्सफर्डच्या मर्फींना उसन्या राजाची गरजही नाही. 1798 च्या उठावात तिथल्या शेतकऱ्यांच्या पुढे उभे राहिलेले बुलावोगचे फादर जॉन मर्फी त्यांच्यातले. त्यांना त्याच वर्षी टलोमध्ये फाशी दिली गेली. त्याच उठावात दुसरे एक धर्मगुरू, फादर मायकेल मर्फी, आर्कलोच्या लढाईत पडले. एका परगण्यातल्या एका उठावाच्या आघाडीवर एकाच आडनावाचे दोन धर्मगुरू, यावरूनच हे नाव त्या मातीत किती मुरलं होतं ते दिसतं.

गैरसमज: ‘मॅक’ म्हणजे स्कॉटिश, ‘ओ’ म्हणजे आयरिश, आणि कायद्याने ‘ओ’ काढून घेतला

‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. दोन्ही आयरिशच. ‘मॅक’ स्कॉटलंडमध्येही चालतं, कारण तिथली गेलिक भाषा आयरिशची सख्खी बहीण.

स्त्रियांची रूपं वेगळी आहेत आणि जुने कागद वाचताना त्यांचा फार घोळ होतो. ओ मुरुखूची मुलगी ‘नी वुरुखू’ होते, आणि त्या घरात लग्न होऊन आलेली स्त्री ‘ई वुरुखू’. सुरुवातीचा ‘म’ व्याकरणाच्या नियमाने ‘व’सारखा होतो. बाप, लेक आणि सून एकाच घरात, आणि तिघांची आडनावं कागदावर तीन तऱ्हेची. हे ठाऊक नसलेला माणूस त्यांना तीन कुटुंबं समजतो.

कायद्याचं म्हणाल तर 1465 साली एक कायदा खरोखर झाला होता. त्यात आयरिश लोकांनी गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यावं असा हुकूम होता. पण तो डब्लिनभोवतीच्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या मोजक्या परगण्यांपुरता. देशभर ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले ते प्रामुख्याने सतराव्या-अठराव्या शतकांत. जमिनी गेल्या, जुनी सरदारकी मोडली, कचेरीची भाषा इंग्रजी झाली. आयरिश दिसणारं नाव अडचणीचं ठरू लागलं, तसा लोकांनी स्वतःच तो भाग सोडला, किंवा कारकुनाने लिहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली. 1893 साली गेलिक लीग स्थापन झाली आणि सलिव्हन, कॉनर यांसारख्या कित्येकांनी ‘ओ’ परत लावला. मर्फींनी इंग्रजीत तो जवळजवळ लावलाच नाही. ज्याला जुनं रूप हवं होतं, तो सरळ आयरिशमध्ये ओ मुरुखू झाला.

अमेरिकेत एलिस बेटावर स्थलांतरितांची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आयरिश आडनावं बदलली, ही गोष्टही अशीच रुजली आहे. तिथले अधिकारी जहाजाच्या यादीवरून नावं तपासत, आणि ती यादी निघण्याच्या बंदरातच तयार होई. एलिस बेटाचं केंद्र 1 जानेवारी 1892 ला उघडलं आणि पहिली नोंद झाली ती कॉर्कच्या ॲनी मूर या मुलीची. 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश माणसं समुद्र ओलांडून गेली तेव्हा हे केंद्रच नव्हतं. ओ मुरुखूचा मर्फी झाला तो आयर्लंडमध्येच, अमेरिकेला जाण्याच्या कितीतरी आधी.

आणि अमेरिकेतला प्रत्येक मर्फी रक्ताने आयरिश असेलच असंही नाही. एडी मर्फीसारखी नावं ऐकून हा प्रश्न पुष्कळांना पडतो. कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांत अशी आडनावं गुलामगिरीच्या काळातल्या मालकाकडून आली, लग्नातून आली किंवा स्वातंत्र्यानंतर निवडली गेली. नुसत्या नावावरून यातलं काहीच ठरवता येत नाही.

किती आणि कुठे

रॉबर्ट मॅथेसन या निबंधक खात्यातल्या अधिकाऱ्याने 1890 सालच्या जन्मनोंदी मोजून आयरिश आडनावांचा अहवाल केला. त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर: एका वर्षात 1,386 जन्म, त्यावरून अंदाजे 62,600 माणसं. त्यामागे केली आणि सलिव्हन. तेव्हा देशाची लोकसंख्या 47 लाखांच्या आसपास होती. म्हणजे सर्वांत मोठं आडनावही साधारण पंचाहत्तर माणसांत एकाचं. ‘आयर्लंडमध्ये दगड मारला तर मर्फीलाच लागेल’ छाप बोलण्यात फारसं तथ्य नाही. कॉर्क आणि वेक्सफर्डमध्ये मात्र हे नाव खरंच पावलोपावली भेटतं. डब्लिनमध्येही भरपूर मर्फी आहेत, पण राजधानीत सगळीकडूनच लोक येतात. तिथल्या मर्फीवरून मूळ परगणा काढता येत नाही.

मानचिन्हाबद्दल थोडक्यात. ढाल-सिंहाचं जे चित्र ‘मर्फी घराण्याचं’ म्हणून विकतात, ते सरसकट सगळ्या मर्फींचं नसतं. मानचिन्ह मुळात एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेलं असतं. आयर्लंडचे वंशशास्त्रज्ञ एडवर्ड मॅकलायसॅट यांनी जुन्या कुळाचं चिन्ह त्या कुळातल्यांनी कौतुकाने भिंतीवर लावायला हरकत घेतली नाही, पण आपण त्या कुळातले आहोत हे आधी माहीत हवं. मर्फींच्या बाबतीत नेमकं तेच अवघड.

शेवटचा गैरसमज सर्वांत नुकसान करणारा, कारण त्याने लोक शोधच सोडतात: ‘1922 च्या आगीत सगळे कागद जळाले.’ डब्लिनच्या अभिलेखागाराला यादवी युद्धात आग लागली आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतांश भाग गेला, हे खरं आहे. 1861 ते 1891 च्या जनगणना मात्र सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. आणि पुष्कळ काही उरलंही आहे. 1901 आणि 1911 च्या जनगणना पूर्ण आहेत आणि ऑनलाइन फुकट पाहता येतात. 1864 पासूनच्या जन्म, मृत्यू आणि विवाहांच्या नोंदी आहेत. 1847 ते 1864 या काळातलं ग्रिफिथचं जमीन-मूल्यांकन आहे, त्यात जमीन कसणाऱ्याचं नाव थेट वाडीपर्यंत सापडतं. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्याही राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन खुल्या केल्या आहेत.

तुमच्या ओळखीत कुणी मर्फी आपलं मूळ शोधत असेल, तर त्याला चौकटीतला इतिहास विकत घेऊ देऊ नका. आजी-पणजीकडून परगण्याचं आणि जमल्यास चर्चच्या गावाचं नाव काढून घ्यायला सांगा, आणि मगच नोंदवह्या उघडायला सांगा.